हळद पेढीचा मेल आणि स्पॅमअसॅसिनचं आपोआप शिकणं: सेटिंग कसं लावायचं

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद परदेशी पाठवणाऱ्या पेढीच्या इनबॉक्समध्ये रोज येणारे शब्द पाहा: कर्क्युमिन, हर्बल, एक्स्ट्रॅक्ट, सांधेदुखी, फ्री सॅम्पल, अर्जंट पेमेंट. आता गोळ्या विकणाऱ्या स्पॅममधले शब्द पाहा. तेच. मिरजेच्या दवाखान्यांची हीच रड आहे. तिथे औषधांची नावं खऱ्या मेलमध्येही असतात आणि भामट्यांच्या मेलमध्येही. अशा ठिकाणी बाहेरून शिकवून आणलेला फिल्टर चालत नाही. तो इथल्याच मेलवर शिकायला हवा, आणि बेझियन फिल्टर नेमका तेवढ्यासाठीच असतो. पण तो आपोआप शिकतो म्हणून सोडून दिला, तर काही महिन्यांत चांगल्या-वाईटाची सरमिसळ करून बसतो, आणि तीही पूर्ण आत्मविश्वासाने. हा लेख त्या आपोआप शिकण्याला लगाम घालण्याबद्दल आहे. उदाहरण स्पॅमअसॅसिन या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचं घेतलं आहे, कारण पोस्टफिक्स-डोव्हकॉट या मेल सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या छोट्या मेल सर्व्हरवर बहुधा तोच असतो.

एक सूचना. सेटिंगची आणि नियमांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिहायची आणि दोन शब्दांच्या मध्ये खालची रेघ द्यायची.

शिकवतं कोण?

फिल्टर मेलचे तुकडे करतो, त्यांना टोकन म्हणतात. एखादं टोकन आजवर किती स्पॅममध्ये दिसलं आणि किती चांगल्या मेलमध्ये, याची नोंद तो ठेवतो. चांगल्या मेलला या धंद्यात हॅम म्हणतात. नवा मेल आला की त्यातल्या बोलक्या टोकनांवरून ० ते १ मधला एक आकडा निघतो, आणि त्यावरून ‘बेझ ००’पासून ‘बेझ ९९९’पर्यंतचा एक नियम लागतो. ‘बेझ ००’ म्हणजे खात्रीने चांगला, ‘बेझ ५०’ म्हणजे काही सांगता येत नाही. मूळ गणित थॉमस बेझ या अठराव्या शतकातल्या इंग्रज पाद्र्याच्या नावाने ओळखलं जातं. स्पॅमसाठी ते लोकप्रिय झालं २००२ मध्ये पॉल ग्रॅहमने लिहिल्यानंतर, आणि स्पॅमअसॅसिनमध्ये आलं २००३ साली २.५० आवृत्तीत.

आता आपोआप शिकणं. स्पॅमअसॅसिनमध्ये बेझशिवाय शेकडो इतर नियम असतात: हेडर बरोबर आहे का, पाठवणारा सर्व्हर काळ्या यादीत आहे का, मजकुरातली लिंक बदनाम आहे का. या नियमांच्या गुणांची बेरीज ०.१ पेक्षा कमी आली तर मेल हॅम म्हणून शिकला जातो. १२ किंवा जास्त आली तर स्पॅम म्हणून. मधल्या मेलला हात लावला जात नाही. म्हणजे बेझचे मास्तर हे इतर नियम. जे नियमांना आधीच कळतं तेच ते बेझला शिकवणार, आणि नियम फसले तर तीच चूक धड्यात जाणार. पुढची सगळी खटपट एवढ्या एका गोष्टीभोवती आहे.

या बेरजेत बेझचे स्वतःचे गुण धरत नाहीत, नाहीतर तो स्वतःचंच ऐकून शिकत राहिला असता. आपण हाताने केलेल्या श्वेतयादीचे गुणही धरत नाहीत. ही दुसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जर्मनीतल्या जुन्या गिऱ्हाइकाला तुम्ही ‘वेलकमलिस्ट’मध्ये टाकलंत (४.० आवृत्तीपासून व्हाइटलिस्टचं हे नाव) तर त्याचे मेल इनबॉक्समध्ये येतील, पण त्यामुळे फिल्टर त्यातून काही शिकणार नाही. त्याच गावातून नव्या पत्त्यावरून आलेला मेल पुन्हा संशयितच.

आधी डेटाबेस कोणाचा ते पाहा

सेटिंगला हात लावण्याआधी हे तपासा. अमाविस या मेल तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून स्पॅमअसॅसिन चालत असेल तर डेटाबेस अमाविस या युजरचा असतो. स्पॅमडी या स्पॅमअसॅसिनच्याच सेवेमधून चालत असेल तर तो ज्या युजरने चालतो त्याचा. तुम्ही रूट म्हणून लॉगिन होऊन ‘एसए-लर्न’ ही शिकवण्याची कमांड चालवलीत तर रूटचा वेगळाच डेटाबेस तयार होतो, त्याला भरपूर धडे मिळतात आणि मेल तपासणाऱ्याला त्यातलं काहीही कळत नाही. म्हणून ‘सुडो’ने योग्य युजर होऊन ‘एसए-लर्न --डंप मॅजिक’ चालवा. त्यात ‘एनस्पॅम’ (शिकलेले स्पॅम), ‘एनहॅम’ (शिकलेले हॅम) आणि ‘एनटोकन्स’ (टोकनांची संख्या) हे तीन आकडे महत्त्वाचे. मेल येत असताना दोन-तीन तासांनी पुन्हा चालवा. आकडे हलत असतील तर हाच तो डेटाबेस.

एनस्पॅम आणि एनहॅम दोन्ही २०० च्या वर गेल्याशिवाय बेझ बोलतच नाही. हेडरमध्ये ‘बेझ’ने सुरू होणारा एकही नियम दिसत नसेल तर बहुधा कारण हेच.

मग बॅकअप. ‘एसए-लर्न --बॅकअप’ सगळा डेटाबेस साध्या मजकुरात काढून देतो, फाइलमध्ये वळवून घ्या. ती त्याच मशीनवर ठेवू नका, आणि शक्यतो त्याच इमारतीतही नको. २०१९ च्या महापुराचा ऑगस्ट ज्यांनी गणपती पेठेत काढला त्यांना याचं कारण सांगायला नको.

एक मेल जवळून

पेढीच्या निर्यात विभागाला आलेल्या एका मेलचं हेडर असं दिसू शकतं:

एक्स-स्पॅम-स्टेटस: नो, स्कोअर=०.६ रिक्वायर्ड=५.० टेस्ट्स=बेझ_५०, डीकेआयएम_साइन्ड, डीकेआयएम_व्हॅलिड, डीकेआयएम_व्हॅलिड_एयू, डीकेआयएम_व्हॅलिड_ईएफ, एचटीएमएल_मेसेज, एसपीएफ_पास ऑटोलर्न=हॅम

मेलमध्ये काय आहे? वजन उतरवणाऱ्या हळदीच्या गोळ्या, तीस दिवसांत गुण, आत्ताच मागवा. उघड स्पॅम. पण पाठवणाऱ्याने रीतसर डोमेन घेतलं आहे, डीकेआयएमची सही (मेल त्या डोमेनकडूनच आल्याची डिजिटल खूण) नीट केली आहे, लिंक अजून कुठल्या यादीत आलेली नाही. हिशोब मांडून पाहू. सही असल्याबद्दल अधिक ०.१, ती खरी निघाल्याबद्दल तीन वेगवेगळ्या नियमांचे प्रत्येकी उणे ०.१. एचटीएमएलचे आणि एसपीएफचे (पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनला मान्य आहे का, ही तपासणी) गुण हजारांशात, सोडून द्या. बेझ ५० चे ०.८ या बेरजेत धरायचे नाहीत. राहिले उणे ०.२. ही रक्कम ०.१ पेक्षा कमी, म्हणून ऑटोलर्न=हॅम.

म्हणजे ‘वजन’, ‘गोळ्या’, ‘आत्ताच मागवा’ हे सगळं चांगल्या मेलच्या खात्यात जमा झालं. उद्या असेच आणखी काही आले की बेझ ५० चा बेझ २० होईल, मग ००. या मेलचं एकही लक्षण ठोस चांगलं नव्हतं, वाईट लक्षण फक्त कुणाला सापडलं नाही. आणि ०.१ ही मूळ मर्यादा तेवढ्यावरच मेलला चांगला ठरवते. बहुतेक बिघडलेले डेटाबेस असेच बिघडतात. चांगला मेल चुकून स्पॅम म्हणून शिकला जाणं त्या मानाने फार दुर्मीळ.

उलट बाजूचं कोडंही पाहून घ्या. एखाद्या मेलला १४ गुण मिळतात तरी ऑटोलर्न=नो असतं. १४ मध्ये बेझ ९९ चे ३.५ आणि बेझ ९९९ चे ०.२ असतील तर ते वजा जाऊन १०.३ उरतात, १२ भरत नाहीत. शिवाय स्पॅम म्हणून शिकण्यासाठी आणखी एक अट आहे: किमान ३ गुण हेडरच्या नियमांतून आणि किमान ३ मजकुराच्या नियमांतून यायला हवेत. म्हणूनच स्पॅमची मर्यादा ६ च्या खाली नेण्यात अर्थ नाही. आणि बेझचं आधीचं मत अगदी विरुद्ध असेल, समजा नियम स्पॅम म्हणतात पण बेझ ००, तरीही शिकणं टाळलं जातं.

तोंडी हिशोब कधी कधी जुळणार नाही, कारण बेझ बाजूला ठेवला की काही नियमांचे गुणच वेगळ्या तक्त्यातून घेतले जातात. खात्री करायची तर मेल फाइलमध्ये साठवा आणि ‘स्पॅमअसॅसिन’ला ‘-डी लर्न’ देऊन त्यावर चालवा. शिकण्यासाठी धरलेले गुण, हेडरचे किती, मजकुराचे किती, हे सगळं तो ओळीओळीने सांगतो. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम.

मर्यादेआधी दोन दुरुस्त्या

पहिली, भरवशाचं नेटवर्क. छोट्या पेढ्या बऱ्याचदा मेल होस्टिंगवाल्याकडे ठेवतात आणि ऑफिसमधलं मशीन तो ओढून घेतं. अशा वेळी ‘ट्रस्टेड नेटवर्क्स’ आणि ‘इंटर्नल नेटवर्क्स’ चुकीचे लागले तर जगातून आलेला प्रत्येक मेल घरचाच वाटतो. ‘ऑल ट्रस्टेड’ हा नियम लागतो आणि प्रत्येकाला उणे १ गुणाची बक्षिसी मिळते. बाहेरच्या मेलवर हा नियम एकदा जरी दिसला तरी बाकीचं सगळं थांबवा आणि हे आधी नीट करा: होस्टिंगवाल्याच्या मेल सर्व्हरचे पत्ते दोन्ही यादींत घाला, पण त्यापलीकडचं काही घालू नका.

दुसरी, डीएनएस, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणारी सेवा. काळ्या याद्यांना विचारणा डीएनएसमधूनच होते. मशीनला ८.८.८.८ किंवा इंटरनेटवाल्याचा सामाईक डीएनएस लावलेला असेल तर त्या यादीवाल्यांना हजारो लोकांची विचारणा एकाच पत्त्यावरून आलेली दिसते आणि ते उत्तर देणं बंद करतात. हेडरमध्ये ‘यूआरआयबीएल ब्लॉक्ड’ दिसलं तर तेच झालं आहे. परिणाम काय? वाईट लक्षणं सापडतच नाहीत, स्पॅमची बेरीज शून्याजवळ राहते आणि वरच्या उदाहरणासारखा तो हॅम होतो. मशीनवरच अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर बसवा, तो दुसरीकडे न पाठवता स्वतः विचारणा करेल असा ठेवा, आणि स्पॅमअसॅसिनला तोच वापरायला सांगा.

आता मर्यादा

‘लोकल डॉट सीएफ’ या फाइलमध्ये ‘बेझ ऑटो लर्न’ १ असू द्या. ‘बेझ ऑटो लर्न थ्रेशोल्ड नॉनस्पॅम’ उणे १.० करा. काही जण उणे ०.१ वर थांबतात, पण वरचा मेल उणे ०.२ वर होता, तो तरीही आत आला असता. उणे १.० म्हणजे वाईट काही सापडलं नाही एवढं पुरणार नाही, चांगलं काहीतरी ठोस दिसायला हवं.

‘बेझ ऑटो लर्न थ्रेशोल्ड स्पॅम’ १२ वरच राहू द्या. तो खाली आणण्याचा मोह होतो, पण १२ गुणांचा स्पॅम बेझशिवायही पकडला जातोच. तो शिकवून फक्त शब्दसंग्रह ताजा राहतो. महिनाभरात एनस्पॅम अगदीच हलला नाही तर १० करून पाहा. त्याखाली मी जात नाही.

उणे १.० मुळे एक अडचण येते: हॅम फारसं शिकलंच जात नाही. तिथे पेढीची स्वतःची खूण उपयोगी पडते. बहुतेक निर्यातदार प्रोफॉर्माला ठरावीक अक्षरं आणि क्रमांक देतात, आणि गिऱ्हाइकाच्या उत्तराच्या विषयात तो क्रमांक तसाच येतो. विषयात ही अक्षरं आणि पुढे चार आकडे असतील, आणि डीकेआयएमची सहीही खरी असेल, तर उणे १.५ गुण देणारा एक नियम लिहा, त्याला ‘नाइस’ हा टीफ्लॅग (नियमाचा प्रकार सांगणारी खूण) लावा. श्वेतयादीचे गुण शिकण्यात धरत नाहीत, पण या नियमाचे धरले जातात. गिऱ्हाइकाबरोबरचा खरा पत्रव्यवहार मग आपोआप हॅममध्ये जमा होऊ लागतो: हळकुंड, राजापुरी, फायटोसॅनिटरी, कंटेनर, कर्क्युमिन टक्केवारी, सगळं. ‘कर्क्युमिन’ हे टोकन त्यामुळे निव्वळ स्पॅमचं राहत नाही, तटस्थ होतं, आणि निर्णय शेजारच्या शब्दांवर जातो. हवं तेच.

यात धोका एकच. गिऱ्हाइकाचाच मेलबॉक्स कुणी हॅक केला आणि त्याच धाग्यात ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल आला, तर तो अगदी सोज्वळ दिसेल. पण तो कुठल्याच बेझने पकडला नसता. तिथे फोन करून विचारणं हाच फिल्टर.

बदल केल्यावर ‘स्पॅमअसॅसिन --लिंट’ चालवा. ते काही न बोलता परत आलं तर सेवा रीस्टार्ट करा. लिंट न करता रीस्टार्ट करू नका. एक खालची रेघ चुकली तरी ती ओळ वगळली जाते आणि तुम्हाला वाटतं सेटिंग लागलं.

हाताने शिकवायचं ते कसं

सुरुवातीचे दोनशे-दोनशे मेल हाताने द्यावेत. स्पॅम आणि हॅम एकाच काळातले घ्या. हॅम गेल्या वर्षीचं आणि स्पॅम या महिन्यातला असेल तर तारखा आणि वर्ष यांच्यावरूनच फिल्टर निष्कर्ष काढायला लागतो. हॅम फक्त मालकाच्या इनबॉक्समधून घेऊ नका. हिशोबनीस, गोदाम, शिपिंग एजंटशी बोलणारा माणूस, सगळ्यांचं थोडं थोडं घ्या. कुपवाड एमआयडीसीत दळण-पॅकिंगचं युनिट असेल तर तिथलं वेगळं: तिथे यंत्रांचे सुटे भाग आणि वीजबिलं येतात.

रोजच्या कामात लोकांना दोन फोल्डर द्या, एक ‘हा स्पॅम आहे’ आणि एक ‘हा स्पॅम नाही’. मेल तिथे हलवायचा, बस. डोव्हकॉटमध्ये आयमॅपसीव्ह ही जोडणी लावली तर हलवता क्षणी शिकणं होतं. नाहीतर रात्री क्रॉनने एसए-लर्न चालवा. मेल फॉरवर्ड करून पाठवू देऊ नका. फॉरवर्ड केला की मूळ हेडर जातं आणि फिल्टर शिकतो की आपल्या हिशोबनिसाकडून येणारा मेल म्हणजे स्पॅम. ऑफिसात हे एकदा समजावून पुरत नाही.

आधी आपोआप हॅम म्हणून शिकलेला मेल कुणी स्पॅमच्या फोल्डरमध्ये टाकला, तर एसए-लर्न जुना धडा पुसून नवा देतो. वेगळं ‘--फर्गेट’ करावं लागत नाही. आणि एसए-लर्नने शून्य मेलमधून टोकन शिकले असं सांगितलं तर घाबरू नका, तो मेल तसाच आधी शिकलेला आहे.

सगळ्यात कमाई मधल्या मेलमधून होते, गुण १ ते ५ आणि बेझ ४० ते ६०. आपोआप शिकणं यांना शिवत नाही आणि फिल्टरला मदत लागते ती इथेच. आठवड्यातून एकदा अशा मेलची यादी काढून निवाडा केला तर अर्ध्या तासाचं काम आहे, आणि थ्रेशोल्डच्या कुठल्याही खटपटीपेक्षा ते जास्त देतं.

मराठी मेलबद्दल थोडं. ४.० आवृत्तीत देवनागरीसारख्या लिप्यांची हाताळणी सुधारली आणि ‘नॉर्मलाइझ कॅरसेट’ मुळातच चालू झालं. जुनी आवृत्ती असेल तर ते १ करा. ‘ओके लँग्वेजेस’ वापरत असाल तर त्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही घाला. फक्त इंग्रजी ठेवलं तर बाजार समितीचं पत्र परक्या भाषेतलं ठरून गुण खाईल. मराठी आणि हिंदीमध्ये त्या भाषा-ओळखीचा गोंधळही होतो, म्हणून दोन्ही हव्यात.

हंगाम आणि विसरणं

हे पेढ्यांसाठी खास. डेटाबेसमध्ये मुळात १,५०,००० टोकनांची मर्यादा असते. ती ओलांडली की बरेच दिवस न दिसलेली टोकनं काढून टाकली जातात, आणि सुमारे तीन चतुर्थांश ठेवली जातात. हळदीचे सौदे उन्हाळ्यात जोरात असतात. पावसाळ्यात त्या शब्दांचे मेल आटतात, स्पॅम मात्र बारमाही. म्हणजे दिवाळीपर्यंत सौद्याची भाषा पुसली जाते आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर पहिले खरे मेल संशयित ठरतात. ‘बेझ एक्स्पायरी मॅक्स डीबी साइझ’ ५,००,००० करा. आजच्या डिस्कवर याचं ओझं काहीच नाही. डेटाबेस रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसवर असेल तर तिथे वेगळा हिशोब: ‘बेझ टोकन टीटीएल’, म्हणजे न दिसलेलं टोकन ठेवण्याचा काळ, मुळात तीन आठवडे असतो. बेदाणा किंवा हळद, कुठल्याही हंगामी धंद्याला तो फारच तोकडा. वर्षभराचा करा आणि मेमरीवर लक्ष ठेवा.

डेटाबेस मुरला की ‘बेझ ऑटो लर्न ऑन एरर’ १ करून पाहा. मग बेझला जे आधीच बरोबर कळतं ते पुन्हा शिकवलं जात नाही, मत वेगळं असेल तेव्हाच शिकणं होतं. डेटाबेस सावकाश फुगतो आणि तोच तो स्पॅम हजारदा मोजला जात नाही. नव्या डेटाबेसवर मात्र हे लावू नका, आधी त्याला पोटभर शिकू द्या.

बिघडलं तर

लॉगमधून ऑटोलर्न=हॅम असलेल्या ओळी आठवड्यातून एकदा काढा आणि पाठवणाऱ्यांची डोमेनं वाचा. अनोळखी डोमेन वारंवार दिसलं तर तो मेल उघडा. एनहॅम अचानक उडी मारत असेल तर ‘बेझ ऑटो लर्न’ ० करा, नेटवर्क आणि डीएनएस पुन्हा तपासा, चुकलेले मेल स्पॅमच्या फोल्डरमध्ये टाकून उलटे शिकवा. मूळ मेल हातात नसतील तर बॅकअप ‘--रिस्टोअर’ने परत आणा. बॅकअपही संशयास्पद असेल तर ‘--क्लीअर’ करून पहिल्यापासून सुरुवात करा. त्यासाठी हाताने शिकवलेले फोल्डर शिकवून झाल्यावर रिकामे न करता बाजूला ठेवत जा. ते असतील तर नवा डेटाबेस संध्याकाळच्या आत उभा राहतो.